खर्जाविना सहा तारा

हवाईयन गिटार म्हटले की आपल्या बहुतेक वाचकांच्या कानांत एकच प्रकारचा सूर उमटत असेल. आकाशवाणीवरील दोन कार्यक्रमांमधली रिकामी जागा भरून काढण्यासाठी लावलेली एखाद्या चित्रपटगीताची धून, घसरत जाणारी, लांबवलेली, किंचित रडवी. व्हॅन शिप्ली यांच्या तबकड्या ज्यांनी घरी जपून ठेवल्या त्यांना या वाद्याचा अधिक रुबाबदार अवतारही परिचित आहे. पण एकंदरीत आपण या वाद्याला गंभीरपणे घेतलेले नाही. मींड काढावयाची आणि श्रोत्याला हळवे करावयाचे, याखेरीज त्याला दुसरे काही येत नाही, असाच आपला ग्रह. आम्हीही तो बरीच वर्षे बाळगला. राउंडर या अमेरिकन कंपनीने सोल होओपीई याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका दोन भागांत संकलित केल्या आहेत. त्या हाती आल्यावर मात्र हा ग्रह आम्हांस टाकून द्यावा लागला. त्या कलावंताविषयी, आणि विशेषतः त्याने आपल्या गिटारीच्या सहा तारा ज्या चमत्कारिक रीतीने जुळवल्या त्या जुळणीविषयी, येथे लिहावयाचे आहे. विषय दूरच्या बेटांवरचा असला तरी त्यात एक प्रश्न असा आहे की तो आपल्या ख्रिस्तमंदिराच्या गायकवृंदापर्यंत येऊन पोहोचतो.

सोलचे चरित्र थोडक्यात सांगता येते. जन्म १९०२ साली होनोलुलू येथे, एकवीस अपत्यांच्या कुटुंबात. वयाच्या सतराव्या वर्षी, १९१९ मध्ये, दोन मित्रांसह ‘मॅटसोनिया’ या बोटीवर लपून तो सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. बोटीवर पकडले गेल्यावर तिघांनी असे काही गायन-वादन केले की उतारूंनीच वर्गणी काढून त्यांचे भाडे भरले, अशी कथा सांगतात. कथा थोडी सजवलेली असेल. परंतु पुढचे आयुष्य पाहता ती खोटी वाटत नाही. पुढे लॉस एंजेलिस येथे ग्लेनवूड लेस्ली आणि लानी मॅकिन्टायर या दोन साथीदारांबरोबर त्याने त्रिकूट जमवले. १९२५ पासून त्याच्या तबकड्या निघू लागल्या. हॉलिवूडच्या चित्रपटांतही त्याची गिटार ऐकू येते. १९३७ चा ‘वायकीकी वेडिंग’ हा त्यांपैकी एक. आणि १९३८ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्याने हे सर्व सोडले आणि एमी सेंपल मॅकफर्सन या सुवार्ता-प्रचारिकेच्या कार्यात तो सामील झाला. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये सिअ‍ॅटल येथे तो वारला. या सोडण्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. आधी तारांकडे पाहू.

नेहमीच्या गिटारीत डाव्या हाताची चार बोटे चार निरनिराळ्या पडद्यांवर टेकतात आणि त्यांतून स्वरसमूह तयार होतो. तारा कशाही लावलेल्या असोत, बोटे त्यांची समजूत घालतात. स्टील गिटारीत ही सोय नाही. वाद्य मांडीवर आडवे असते, तारा मानेपासून उंच उचललेल्या असतात आणि डाव्या हातात पोलादाची एक कांडी असते. आपल्या विचित्र वीणेवर बट्टा फिरतो तशी ती तारांवरून फिरते. कांडी सरळ धरली की सहाही तारा सारख्याच अंतराने वर जातात. म्हणजे मोकळ्या तारांत जो स्वरसमूह आहे तोच उचलून तुम्ही दुसरीकडे नेऊन ठेवता. त्यात बदल करू शकत नाही. कांडी तिरपी धरून एखाद-दुसरी तार मागेपुढे करता येते, पण ते कौशल्याचे आणि जोखमीचे काम. तात्पर्य, या वाद्यात तारांची जुळणी हीच वादकाची बोटे होत. जुळणी ठरली की त्या वादकाला काय सुचेल आणि काय सुचणारच नाही, हेही बरेचसे ठरून जाते.

ओआहू बेटावरील लाईए या गावच्या जोसेफ केकूकू या मुलाने १८८० नंतरच्या दशकात कधीतरी तारांवर लोखंडाचा तुकडा फिरवून हा सूर शोधला, असे मानतात. त्याच्या आणि त्याच्या नंतरच्या पिढीच्या जुळण्या सरळ होत्या. ‘ए मेजर’ हा एक स्वरसमूह घ्यावयाचा आणि सहाही तारा त्याच्याच स्वरांत लावावयाच्या: षड्ज, गंधार, पंचम, पुन्हा तेच. भरघोस, मोकळा, निरागस नाद. हुला नृत्याच्या गीतांना तो पुरत असे, कारण त्या गीतांचा सारा संसार दोन-तीन मेजर स्वरसमूहांत आटोपतो. पण विशीतला सोल लॉस एंजेलिसमध्ये जे ऐकत होता ते निराळेच होते. जाझ आणि ब्लूज यांत कोमल निषाद वारंवार डोकावतो, मायनर स्वरसमूह येतात आणि जातात. ‘ए मेजर’च्या जुळणीत यांतले थोडेच हाती लागते, तेही ओढाताण करून.

यावर सोलने शोधलेली तोड ‘सी शार्प मायनर जुळणी’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिचा काळ साधारणपणे १९२७ च्या सुमाराचा धरतात आणि श्रेय त्यालाच देतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे तिचे स्वर असे: बी, डी, ई, जी शार्प, सी शार्प, ई. पाश्चात्त्य नावांनी ज्यांना बोध होत नाही त्यांनी ‘ई’ हा षड्ज मानावा. मग तारा अशा दिसतात: मंद्र पंचम, मंद्र कोमल निषाद, षड्ज, गंधार, धैवत आणि तार षड्ज. खमाजाची ओळखीची माणसे अंगणात आल्यासारखे वाटते ना? आता त्याच तारांना हात न लावता ‘सी शार्प’ला षड्ज माना. तोच ‘डी’ आता कोमल ऋषभ होतो, ‘ई’ कोमल गंधार होतो, ‘बी’ कोमल निषाद; पंचम तर आहेच. खमाज गेला आणि भैरवीची चाहूल लागली. अर्थात येथे राग नाहीत, राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे आम्ही जाणतो. सोलला आपल्या संगीताची काही वार्ता असण्याचाही प्रश्न नाही. परंतु षड्ज हलवला की जुन्या स्वरांचे नवे नाते उघडते, हे मूर्च्छनेचे तत्त्व आपल्याकडील कोणाही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. आणि या जुळणीचे रहस्य त्याहून वेगळे नाही.

पाश्चात्त्य स्वरमेळाच्या भाषेत सांगावयाचे तर खालच्या चार तारांत ‘ई सेव्हन्थ’ हा अस्वस्थ, पुढे जाऊ पाहणारा स्वरसमूह आहे, तर वरच्या तीन तारांत ‘सी शार्प मायनर’ हा विषण्ण. दुसरी ‘डी’ची तार वगळून छेडले तर गोड ‘ई सिक्स्थ’ मिळतो. हवाईच्या गीतांचा तो आवडता मुक्काम. म्हणजे कांडी एकाच पडद्यावर असता, नुसत्या उजव्या हाताने कोणत्या तारा छेडल्या आणि कोणत्या दाबून गप्प ठेवल्या, यावर आनंद, विषाद आणि उत्कंठा अवलंबून राहते. डाव्या हाताची मींड सर्वांना दिसते. सोलची खरी करामत उजव्या हातात आहे, आणि ती बव्हंशी न वाजवण्याची करामत आहे.

मात्र या श्रीमंतीची किंमत द्यावी लागते. ती कोणती, हे पुस्तकावरून कळत नाही, प्रयत्न करून पाहिल्यावर कळते. आम्ही घरातील एका साध्या गिटारीवर ही जुळणी लावण्याचा प्रयत्न केला. वरच्या चार तारा फारसे आढेवेढे न घेता चढल्या; पहिलीला तर हलवावेच लागत नाही. पाचवी ‘ए’वरून ‘डी’पर्यंत नेताना ती तक्रार करू लागली. सहावी ‘ई’वरून ‘बी’पर्यंत, म्हणजे सात अर्धस्वर, चढवावी लागते, ती मध्येच तुटली आणि मनगटावर एक बारीक ओरखडा ठेवून गेली. यात तारेचा दोष नाही. या जुळणीसाठी खालच्या दोन तारा मुळातच बारीक लावावयाच्या असतात. सहाव्या जागी पाचवीची तार आणि पाचव्या जागी चौथीची तार घातल्यावर काम झाले, आणि तेव्हाच ध्यानात आले की गिटारीचा खर्ज नाहीसा झाला आहे. नेहमीच्या जुळणीत गिटारीच्या मोकळ्या तारा दोन सप्तकांचा पट व्यापतात. येथे तो दीड सप्तकाहूनही थोडा कमी भरतो. ते घुमणारे, घराच्या पायासारखे सूर गेले. उरले ते मधले आणि वरचे, एकमेकांना अगदी चिकटून बसलेले सहा आवाज. एकट्याने वाजवून पाहिले तेव्हा नाद चांगला होता, पण अधांतरी होता. गायकवृंदात गिटार वाजवणारा शेजारचा मुलगा आपली दुसरी गिटार घेऊन बसला आणि त्याने खालून साधे स्वरसमूह धरले, तेव्हा कोठे त्या सहा तारांना जमीन मिळाली.

ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. ‘ए मेजर’च्या जुन्या जुळणीत वादक एकटा बसून गीत पुरे करू शकतो, खर्ज त्याचा, सूर त्याचा. सी शार्प मायनर जुळणीत वादकाने खर्ज दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. ती मुळातच सोबत्यांची जुळणी आहे. सोलच्या तबकड्यांवर आपण सोलला ऐकतो आणि त्याच्या मागच्या गिटारीला विसरतो, पण ती काढून टाका, तो उघडा पडेल. लानी मॅकिन्टायरसारखा साथीदार पुढे स्वतःचा वाद्यवृंद घेऊन बिंग क्रॉस्बीच्या ‘स्वीट लैलानी’मागे वाजतो आणि ते गीत १९३७ चे ऑस्कर मिळवते, म्हणजे साथीदारही काही सामान्य नव्हते. तरी तबकडीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत नाव असते एकाचेच.

आता प्रत्यक्ष वादनाविषयी. आरंभीच्या काळात सोल नॅशनल कंपनीची, आत धातूच्या तीन पातळ तबकड्या असलेली, सर्वांगी धातूची गिटार वाजवीत असे. (ही कंपनी उभी राहावी म्हणून भरवलेल्या मेजवानीत सोलनेच ती गिटार वाजवून धनिकाचे मन जिंकले, असेही सांगतात.) तिच्यावरील ‘फेअरवेल ब्लूज’ ऐकताना पहिला धक्का बसतो तो वेगाचा आणि दुसरा विनोदबुद्धीचा. जे वाद्य रडण्यासाठी प्रसिद्ध ते येथे चक्क थट्टा करते, प्रश्न विचारते, मध्येच गप्प बसते, खांदे उडवते. प्रत्येक सूर काटेकोरपणे तोडलेला. तळहाताच्या कडेने तार दाबून पुढचा सूर स्वच्छ उमटू दिलेला. मींड आहे, पण ती चवीपुरती. आपल्याकडील सुगम वादकांनी ही काटकसर शिकावी, असे फार वाटते.

१९३० नंतरच्या दशकात विजेची गिटार आली आणि सोलने ती स्वीकारली. तिच्यावरील ‘फॅसिनेटिंग ऱ्हिदम’ ही गर्शविनची रचना या जुळणीचा नमुना म्हणून नेहमी पुढे केली जाते. तीत चातुर्य इतके आहे की दम लागतो. तरीही आमचे मत थोडे निराळे आहे. विजेच्या गिटारीत सूर आपोआप लांबतो, म्हणून वादकाला तो जिवंत ठेवण्याची धडपड करावी लागत नाही. आणि सोलच्या उत्तरकालीन तबकड्यांतून हीच धडपड कोठे कोठे कमी झाली आहे. काही हुला गीतांत तर साथ आणि सूर दोन्ही इतके मऊ आहेत की पर्यटकांच्या हॉटेलातला संध्याकाळचा सुगंध येतो. सहा तारांतला तो विषाद तेथे नुसता रंगासाठी वापरला गेला आहे. कलावंत मोठा म्हणून त्याची प्रत्येक तबकडी मोठी मानण्याचे कारण नाही.

सोलच्या मृत्यूनंतर अवघ्या काही महिन्यांत, १९५४ साली, वेब पिअर्सचे ‘स्लोली’ हे गीत अमेरिकेत गाजले. त्यात बड आयझॅक्स याने पायाखालच्या पेडलने तारा वाजत असतानाच त्यांचा सूर चढवला. बी तार सी शार्पवर गेली, जी शार्प तार ए वर गेली, आणि कांडी जागची न हलता एक स्वरसमूह दुसऱ्यात विरघळला. या एका युक्तीने स्टील गिटारचे जग पालटले. आता निरनिराळ्या जुळण्यांसाठी झुरण्याची गरज उरली नाही. हाताला जे जमत नव्हते ते पाय करू लागला. पुढे रूढ झालेल्या दहा तारांच्या ‘ई नाइन्थ’ जुळणीत खालून मोजले तर बी, डी, ई, मग एक जादा तार, आणि जी शार्प असेच स्वर सापडतात. म्हणजे सोलच्या खालच्या चार तारा तेथे जशाच्या तशा आहेत. आणि सोलने ‘बी’ व ‘सी शार्प’ या दोन स्वरांना सहा तारांत एकत्र नांदवले, त्याच दोहोंमध्ये पेडल ये-जा करते.

हा वारसा खरा आहे. परंतु त्यामुळे इतिहासकारांना एक खोड लागली आहे. ते सोलच्या जुळणीकडे पाहतात ते पेडल स्टीलची आजी म्हणून. जुन्या करारातील प्रत्येक घटना केवळ नव्या कराराची पूर्वछाया म्हणून वाचणारे काही प्रवचनकार असतात; त्यांच्या हाती इसहाक आला की तो इसहाक राहत नाही, अब्राहामाचे तीन दिवसांचे पायी चालणे राहत नाही, उरते ते केवळ एक चिन्ह. पूर्वछायेचा अर्थ खोटा नसतो, पण जी माणसे त्या दिवशी त्या डोंगरावर चढली तीही खरी होती. तसेच येथे. पेडलने जे साधते ते सोलच्या जुळणीत साधत नाही, हे खरे. पण सोलच्या जुळणीत जे साधते तेही पेडलने साधत नाही. पेडलवर विषाद आणि आनंद यांच्यामध्ये एक गुळगुळीत उतार तयार होतो. सोलकडे उतार नाही, उंबरठा आहे. तो एका सुरावरून दुसऱ्यावर उडी घेतो, आणि ती उडी चुकू शकते हे आपल्याला ऐकू येते. ‘फेअरवेल ब्लूज’मधला विनोद त्या चुकू शकण्यातून आलेला आहे.

तशीच खोड त्याच्या आयुष्याविषयीही लागली आहे, फक्त उलट्या दिशेने. सोलची कीर्ती ज्या तबकड्यांवर उभी आहे त्या १९२५ ते १९३८ या काळातल्या. त्यानंतरचे वर्णन करताना संग्राहकांची लेखणी सुस्कारा टाकते: काय हा नाश! जगातला पहिल्या प्रतीचा जाझ-वादक तंबूतल्या सभांना उपासनेची गीते वाजवू लागला! जणू तो माणूस १९३८ सालीच वारला आणि उरलेली पंधरा वर्षे देह तेवढा हिंडत राहिला.

येथे आम्हांस सावध राहावयास हवे. मॅकफर्सनबाईंच्या संप्रदायाशी आपले जुळण्यासारखे फारसे नाही. १९२३ मध्ये लॉस एंजेलिसला उघडलेल्या त्यांच्या अँजेलस टेंपलमध्ये प्रवचनाची नाटके होत, वाद्यवृंद असे, स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. १९२६ सालच्या त्यांच्या बेपत्ता होण्याच्या प्रकरणाने वर्तमानपत्रांना महिनोगणती खाद्य पुरवले. कॅथलिक वाचकाने तेथील उत्साहाकडे भुवई उंचावून पाहणे स्वाभाविक आहे. परंतु बाईंच्या गुणदोषांवरून वादकाच्या निर्णयाचे मोल ठरवता येत नाही. मॅकफर्सन १९४४ मध्ये वारल्या, म्हणजे सोलच्या उत्तरायुष्यातील निम्मा-अधिक काळ त्यांच्यामागेच गेला.

आणखी असे की, हवाईच्या संगीतातून उपासना-संगीत वेगळे काढणे संग्राहकांना वाटते तितके सोपे नाही. १८२० साली तेथे आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी ज्या ‘हिमेनी’ शिकवल्या, त्यांच्या चार आवाजांच्या रचनेतूनच हवाईच्या लोकांनी पाश्चात्त्य स्वरमेळ आत्मसात केला. हुला गीतांतले ते दोन-तीन मेजर स्वरसमूह स्तोत्रांतलेच आहेत. आपल्यापुरते सांगावयाचे तर मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांमध्ये जीवन वेचून १८८९ मध्ये मरण पावलेल्या आणि २००९ मध्ये संतपदी आरूढ झालेल्या फादर दामियन यांचे कालावाओच्या मुलींच्या गायकवृंदाबरोबरचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या बेटांवर गाणे आणि प्रार्थना ही शेजारघरे होती. सोल १९३८ मध्ये परक्या घरी गेला असे म्हणण्यापेक्षा तो मागच्या दाराने आपल्याच घरी परतला, असे आम्ही म्हणू.

मात्र नृत्यगृहातले वाद्य प्रार्थनेत चालावे काय, हा प्रश्न आपल्याकडेही होता. दहावे पायस यांनी १९०३ साली काढलेल्या आदेशात ख्रिस्तमंदिरातून पियानो वर्ज्य केला होता, तसेच ढोल, झांजा आणि गलका करणारी वा उथळ वाद्ये. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ऑर्गनला मानाचे स्थान ठेवून अन्य वाद्यांनाही, ती पवित्र कार्यास योग्य असतील वा होऊ शकत असतील तर, दार उघडले. ‘होऊ शकत असतील तर’ या चार शब्दांत आमच्या मते सारा विवेक आहे. वाद्य पवित्र नसते आणि उथळही नसते. ते होत असते, आणि ते तसे होण्यासाठी कोणाला तरी काहीतरी सोडावे लागते.

आपल्याकडे प्रवास बहुधा उलट्या दिशेने झाला. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून ज्यांनी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकले, ते मुंबईच्या नृत्यगृहांत आणि मग चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव त्या पिढीचे प्रतीक झाले आहे. मंदिराने घडवलेले हात सिनेमाला मिळाले, याबद्दल कोणी सुस्कारा टाकल्याचे ऐकिवात नाही. मग सिनेमाने गाजवलेला हात मंदिराला मिळाला तर तेवढाच नाश कसा? सोलने काही गमावले नाही असे आमचे म्हणणे नाही. त्या पंधरा वर्षांत झाल्या असत्या अशा तबकड्या झाल्या नाहीत. ते नुकसान आपले आहे, आणि आम्हीही ते मनातल्या मनात मोजतो. पण ज्याने १९२७ च्या सुमारास सुरांच्या श्रीमंतीसाठी खर्ज सोडून दिला आणि तो सोबत्यांच्या हाती ठेवला, त्याच माणसाने १९३८ मध्ये आणखी काही सोडले. पहिल्या त्यागाला प्रतिभा म्हणावयाचे आणि दुसऱ्याला वेड, ही विभागणी आम्हांस सोयीची वाटते, न्यायाची वाटत नाही.

पेडल आल्यावरही मांडीवरची गिटार आणि कांडी एवढ्यावरच निष्ठा ठेवणारे वादक उरले. त्यांतले सर्वांत मोठे नाव जेरी बर्ड. ओहायोत १९२० साली जन्मलेल्या या गोऱ्या वादकाने नॅशव्हिलमध्ये कीर्ती मिळवली आणि सारे सहकारी पेडलकडे वळत असताना आपण वळणार नाही असे ठरवले. त्याची आवडती जुळणी ‘सी सिक्स्थ’, पण तीही सोलच्या जुळणीच्या गोत्रातलीच: एकाच तारांत मेजर सिक्स्थ आणि सापेक्ष मायनर नांदवणारी. १९७२ मध्ये तो होनोलुलूला जाऊन राहिला आणि स्थानिक तरुणांना स्टील गिटार शिकवू लागला; हवाईचे वाद्य हवाईत विस्मरणात जाऊ लागले होते, ते एका परक्याने परत दिले. २००५ साली तो तेथेच वारला.

आणि या कथेचा एक धागा आपल्या देशातही येतो. टाऊ मो हा सामोआत जन्मलेला हवाईयन वादक कुटुंबासह जगभर हिंडला आणि १९४० नंतरच्या दशकात काही वर्षे कलकत्त्यात राहिला. बंगालमध्ये हे वाद्य रुजले त्यात त्याचा वाटा मोठा. सोलच्या तबकड्यांचा कसून अभ्यास केलेल्या बॉब ब्रोझमन याने म्हाताऱ्या टाऊ मोला गाठून १९८९ मध्ये त्या कुटुंबाबरोबर जुनी गीते पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि पुढे कलकत्त्याच्या देबाशिष भट्टाचार्य यांच्याबरोबर तो वाजवू लागला. भट्टाचार्य हे ब्रिजभूषण काबरा यांचे शिष्य. ते काबरा, ज्यांच्या गिटारीने १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या शेजारी बसण्याचा मान मिळवला. काबरांच्या जुळणीत अर्थातच सोल नाही. तेथे रागाचा षड्ज अढळ आहे, चिकारीच्या तारा त्याची आठवण देत राहतात, षड्ज हलवण्याची मुभा नाही. एकाच पोलादी कांडीने दोन संस्कृतींत इतके परस्परविरुद्ध काम करावे, हे आम्हांस फार मौजेचे वाटते. त्यावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा.

सोलची जुळणी जपणारे आज जगभर विखुरलेले आहेत आणि संख्येने थोडे आहेत. तीत बाजारात चालणारी गाणी झटपट वाजत नाहीत. साधा मेजर स्वरसमूह वरच्या तीन तारांत हवा असेल तर कांडी उलटी तिरपी करून जी शार्पची तार एक पडदा पुढे ढकलावी लागते. तेवढ्यासाठी महिने जातात. आम्ही अद्याप तेथवर पोहोचलेलो नाही. एका संध्याकाळी शेजारच्या मुलाच्या साथीने एक मराठी अर्पणगीत वाजवण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीत कांडी घसरली आणि जो सूर आला तो कोणत्याच उपासनेत बसणारा नव्हता. मुलगा मोठ्याने हसला, मग पुन्हा पहिल्यापासून खर्ज धरून बसला.

प्रयोगाची गिटारही त्याचीच आहे. रविवारी सकाळच्या मिस्साला तो तीच नेतो, कारण तिचा आवाज मोठ्या मंदिरात पोहोचतो. म्हणून दर शनिवारी सायंकाळी तारांखालचा धातूचा तुकडा काढून, त्या दोन बारीक तारा उतरवून, जाड तारा पुन्हा चढवाव्या लागतात. उतरवलेल्या तारा आम्ही गुंडाळून एका पाकिटात ठेवतो. सोमवारी त्यांचे वळण सरळ करण्यात पहिली दहा मिनिटे जातात.